स्क्रीन वाढवा

माझं आडनाव लेले. पुण्यात या आडनावात कुणाला गंमत वाटत नसेल, पण ग्वाल्हेरात हिंदी कानांनी ऐकलं की त्याचं ‘ले ले’ होतं, म्हणजे ‘घेऊन टाक’. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाबूने विचारलं, “नाम?” मी म्हटलं, “लेले.” त्याने मान वर करून विचारलं, “क्या ले लूँ?” पुढे निवृत्त होईपर्यंत या विनोदाने माझी पाठ सोडली नाही. एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो, हा धडा मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. तरी माझ्या कामातली सगळ्यांत मोठी चूक मी अशाच एका शब्दावरून केली. यशाच्या गोष्टी सगळेच लिहितात. मी ती चूक सांगणार आहे.

मी एका खाजगी कॉलेजच्या संगणक कक्षाची प्रमुख होते. कॉलेज ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी पंधरा मिनिटांवर. बाहेरच्यांना माझं काम म्हणजे कंप्युटर दुरुस्ती असं वाटे. शेजारच्या एक बाई तर एकदा बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या होत्या. खरं काम इतकंच की सगळी मशीनं सकाळी धडपणे उठली पाहिजेत आणि ज्याने जिथे काम ठेवलं तिथेच ते त्याला सापडलं पाहिजे. आमची मशीनं लिनक्सवर चालायची. लिनक्स म्हणजे संगणकाला चालवणारी एक व्यवस्था, कुणालाही घेता येते, उघडून बघता येते आणि प्रकृतीने दणकट असते. लोकांना वाटतं की तिथे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसावं लागतं. तसं नाही. तिथेही चित्रांचा पडदा असतो, खिडक्या असतात, माउस असतो. त्या पडद्याला डेस्कटॉप म्हणतात, म्हणजे साध्या भाषेत तुमचं टेबल. आणि माझी खासियत अशी की हे टेबल मी माणसाच्या घरी नेऊन द्यायचे. निवृत्तीनंतर स्वतःची एवढी स्तुती चालते.

नेऊन द्यायचे म्हणजे काय, ते सांगते. कॉलेजातलं मशीन आपल्या पडद्याचं चित्र क्षणोक्षणी तारेवरून तुमच्या घरच्या लॅपटॉपला पाठवत राहतं. तुम्ही घरी माउस हलवला की ती हालचाल उलट्या वाटेने कॉलेजात पोचते. तुमच्यापाशी फक्त डोळे आणि बोटं, डोकं तिकडे. मधल्या वाटेवर मी एक कुलूपबंद नळी घालायचे, म्हणजे कुणी डोकावू नये. ‘एवढ्या भानगडी कशाला, दार सरळ इंटरनेटवर उघडून टाका’ असं प्राचार्य दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा आमचं वाजलं आणि दोन्ही वेळा मी हटले नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. रसायनशास्त्राच्या एका बाईंनी रिकाम्या खुर्चीसमोर माउसचा बाण आपोआप फिरताना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्या मशीनला लिंबू-मिरची बांधली. बाण फिरवत होते त्यांचेच विभागप्रमुख, घरून. मी ती लिंबू-मिरची काढली नाही. त्या मशीनने पुढे मला कधी त्रास दिला नाही, हेही खरंच. इतिहासाचे एक सर सुट्टीत मुलीकडे इंदूरला गेले आणि महिनाभर लॅपटॉप उघडाच ठेवून बसले. झाकण मिटलं तर कॉलेजातलं मशीनही मिटेल, ही भीती. मी त्यांना फोनवर सांगितलं, “सर, तुम्ही टेबलावरून उठलात म्हणून टेबल नाहीसं होत नाही. खुशाल झोपा.” या धंद्यातली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. नुसतं तोंड फिरवलं तर तिकडचं काम चालूच राहतं. पण खुद्द मशीनच बंद केलं, तर मात्र सगळं गेलं.

माझ्या हाताखाली माणूस एकच, रामसिया. लॅब अटेंडंट. वय पंचावन्नच्या पुढे, डोक्यावर तेल चोपडलेले केस, बोलणं हळू. कॉलेजात येण्याआधी वीस वर्षं त्याने दाल बाज़ारात धान्याच्या एका आडतीवर काढली होती. इंग्रजी त्याला वाचता येत नसे, पण पोत्यांवरच्या मार्क्यांमुळे एकेक अक्षर ओळखता येई, आणि आकड्यांत तर तो कधी चुकत नसे. दाल बाज़ारातून तो आणखी एक गोष्ट घेऊन आला होता. संध्याकाळी दुकानाला ‘बंद करा’ म्हणायचं नाही, अपशकुन होतो. म्हणायचं, दुकान बढ़ा दो. दिवासुद्धा विझवायचा नाही, बढ़वायचा. तो रोज साडेपाचला दारात उभा राहून विचारी, “मैडम जी, बढ़ा दूँ?” मी म्हणे, “हाँ, बढ़ा दीजिए.” मग एकेक मशीन बंद करत तो ओळीने जाई. अडून बसलेल्या मशीनचं बटण पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं, हे त्याला मीच शिकवलेलं. आणि मी तरी कोण मोठी वेगळी? आम्हीही नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला तोंड नाही.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. मंजिरी मोरे नावाची एक मुलगी आमच्याकडे भूगोलात पीएच.डी. करत होती. हजीऱ्याची, शहरातल्या कारखान्यांच्या वस्तीतली. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले, वडील कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मराठी छान बोले, पण वाक्याच्या मध्यावर कधी हिंदीत घसरेल याचा नेम नाही. तिचा विषय होता चंबळचे बीहड, म्हणजे पावसाच्या पाण्याने मातीत कोरलेल्या खोल घळी. त्या दरवर्षी शेतं खात पुढे सरकतात. उपग्रहाची जुनी आणि नवी चित्रं एकावर एक ठेवून कोणत्या घळीचं तोंड कोणत्या गावाकडे वळलंय, हे ती नकाशावर काढत होती. एवढे मोठे नकाशे तिच्या लॅपटॉपला पेलत नसत. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या लॅबमधलं सगळ्यांत मोठं मशीन मी तिला दिलं होतं. तिला दोनदा मुदतवाढ मिळून झाली होती. या खेपेला तारीख चुकली की नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती लॅबमधून चहाला म्हणून उतरली, जवळच काही काम होतं म्हणून स्कूटर काढली आणि वळणावर घसरली. पाठीचा मणका तडकला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने उताणं पडून राहायचं, बसायचंसुद्धा नाही. प्रबंधाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. आमच्या कॉलेजला लिफ्ट नाही.

मी ई-रिक्षा करून हजीऱ्याला गेले. ती छताकडे बघत पडली होती. मला पाहून म्हणाली, “काकू, मेरा तो हो गया. आता काही नाही होणार.”

मला अशा वेळी मायेचं बोलता येत नाही, राग येतो. मी म्हटलं, “झालं कसलं? हात चालतात?”

“हो.”

“डोळे?”

“ते पण.”

“मग उठायची गरज नाही. तुझं टेबल इथे येईल.”

तिच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा करून पलंगाला जोडला. त्यात लॅपटॉप पट्ट्याने बांधून तिच्या तोंडासमोर उलटा टांगला. किबोर्ड पोटावर, माउस मांडीशेजारच्या फळीवर. माणूस फिटर असला की प्रश्न विचारत बसत नाही. आता राहिलं माझं काम, आणि तिथे मात्र तीन दिवस माझी परीक्षा झाली. लॅपटॉपवरून मशीनचं दार उघडे, नाव विचारलं जाई, पासवर्ड घेतला जाई आणि मग काळा पडदा. ना टेबल, ना खिडकी. पुन्हा करावं, पुन्हा काळं. ‘आपल्याला नवीन काही जमत नाही आता,’ असं स्वतःला म्हणायच्या मी अगदी काठावर आले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना डोक्यात उजेड पडला. मंजिरीसाठी मी नवीन टेबल मांडू पाहत होते, पण ती तर आधीच तिथे बसलेली होती! अपघाताच्या दिवशी ‘दहा मिनिटांत येते’ म्हणून ती पडद्याला नुसतं कुलूप लावून उठली होती. मशीनच्या हिशेबी ती अजून खुर्चीतच होती, आणि आमच्या मशीनवर एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी बसता येत नसे. मी हातातला घास ठेवून उठले. नवीन टेबलाचा नाद सोडला आणि लॅबमधल्या मॉनिटरवरचा तो जुना पडदाच जसाच्या तसा हजीऱ्याला पाठवला.

तिने पासवर्ड टाकला. पडदा उघडला. समोर तिचा नकाशा, त्याच्या बाजूला प्रबंधाचं पान, आणि पानावर अर्धवट सुटलेलं वाक्य, ‘इस गाँव के उत्तर का बीहड़ प्रतिवर्ष’. पुढे कर्सरची उभी रेघ लुकलुकत होती. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग फोनवर म्हणाली, “काकू, मी तर उठलेच नव्हते. मैं तो वहीं बैठी हूँ.” मला रडू आलं, आणि ते मी तिला कळू दिलं.

ते वाक्य तिने तसंच ठेवलं. त्यात घालायचा आकडा यायचा होता शेवटच्या हिशेबातून. सगळ्या बीहडाचं एकत्र गणित मशीनला घालायचं होतं आणि त्याला अकरा दिवस लागणार होते. अकरा दिवस मशीन अखंड चाललं पाहिजे. तो प्रोग्रॅम सगळं डोक्यात धरून ठेवायचा आणि शेवटी एकदाच फाईल लिहायचा, मध्ये थांबला तर हाती शून्य. तारखेला पंधरा दिवस उरलेले असताना तिने ते चालू केलं. मशीनला मी मोठी बॅटरी जोडून दिली आणि ‘हात लावू नये’ असा कागद चिकटवला.

तेवढ्यात दुष्काळात तेरावा महिना आला. आमच्या कॉलेजात उत्तरपत्रिका तपासण्याचं केंद्र पडलं. इमारतीत फक्त पासवाले. परीक्षकांचे मोबाइल फाटकावर जमा. माझ्यापाशी पास नव्हता. रामसियापाशी होता, कारण परीक्षकांना पाणी आणि चहा तोच देणार होता. आम्हाला त्याची चिंता वाटली नाही. टेबल हजीऱ्यालाच होतं, मंजिरी पडल्या पडल्या रोज बघत होती, किती टक्के झालं ते.

आठव्या दिवशी सकाळी दहाला तिचा फोन आला. “काकू, स्क्रीन जम गई है. काही हलतच नाही.” मी हजीऱ्याला पोचले. लॅपटॉप ठीक होता, घरचं इंटरनेट ठीक होतं, कॉलेजकडून उत्तर येत नव्हतं. म्हणजे वाट तुटली होती. पण वाट तुटली म्हणून काम थांबतं असं नाही, आणि मला हवी होती ती एवढीच खातरी. लॅबमध्ये त्या मशीनशेजारीच एक लँडलाइन होती. मी माझ्या फोनवरून ती लावली आणि मंजिरीला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. रामसियाने उचलला.

“रामसिया जी, बड़ी मशीन का मॉनिटर चालू कीजिए. क्या दिख रहा है?”

“नक्शा है, मैडम जी. और कोने में छोटा-सा डिब्बा है. उसमें कुछ लिखा है.”

मंजिरी कुजबुजली, “त्यातच टक्के आहेत.” म्हणजे मशीन जिवंत होतं.

“उसमें कितना लिखा है? पढ़िए.”

“बहुत बारीक है, मैडम जी. चश्मे से भी नहीं दिखता.”

मला घाई झाली होती. त्या डब्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी खूण असते, ती दाबली की खिडकी पडदाभर मोठी होते. एवढं सगळं सांगण्याऐवजी मी म्हटलं, “तो उसको बढ़ा दीजिए.”

त्याने विचारलं, “बढ़ा दूँ?”

“हाँ.”

“काग़ज़ चिपका है, मैडम जी. हाथ लगाने को मना लिखा है.”

“अरे मैं कह रही हूँ ना! पूरा बढ़ा दीजिए.”

तो हळू आवाजात मोजत होता ते मला ऐकू आलं. एक, दो, तीन, चार, पाँच. तो काय मोजतोय हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तो म्हणाला, “बढ़ा दिया, मैडम जी.”

“अब क्या दिख रहा है?”

“अब तो कुछ नहीं दिख रहा. अँधेरा है.”

मंजिरीने डोळे मिटून घेतले. आणि मी? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी फोनवर ओरडले, “तुमने बंद कर दिया? अकल है कि नहीं? निरे गँवार हो!” बरंच काही बोलले. इतक्या वर्षांत मी त्याला कधी ‘तुम’ म्हटलं नव्हतं. तो पलीकडून एवढंच म्हणाला, “आपने कहा था.”

फोन ठेवल्यावर मंजिरी छताकडे बघत म्हणाली, “काकू, दाल बाज़ार में दुकान बढ़ाते हैं ना? माझे आजोबा पण म्हणायचे.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं. त्या माणसाने दोनदा विचारलं होतं. कागद दाखवला होता. रोज संध्याकाळी तोच शब्द तो मला विचारत होता आणि रोज मीच हो म्हणत होते.

मी तिथूनच कॉलेजच्या फाटकावर गेले आणि त्याला बाहेर बोलावलं. उन्हात तो किटली घेऊनच आला. मी म्हटलं, “रामसिया जी, गलती मेरी थी. और जो बोली, वो भी गलत था. माफ़ कर दीजिए.” तो किटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “शब्द तो आपने भी ठीक कहा था, मैडम जी. सुना हमने भी ठीक.” आणि थोडं थांबून, “बिटिया का बहुत नुकसान हुआ?”

“बहुत.”

“तो बताइए, क्या करना है. पास तो हमारे पास है.”

वाट का तुटली होती, ते त्याने आधी शोधलं. सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या डब्याचा प्लग काढून कुणीतरी परीक्षकांसाठी कूलर लावला होता. कूलर त्याने दुसऱ्या भिंतीला नेला आणि प्लगवर स्वतः हिंदीत कागद चिकटवला.

आता सात दिवस उरले होते आणि गणित अकरा दिवसांचं. हे कुठे बसणार? मी मंजिरीला म्हटलं, “बीहड एकदम गिळायचा नाही. त्याचे तुकडे कर.” ती म्हणाली, “तुकडों के किनारे नहीं मिलेंगे, काकू. घळ मध्येच तुटेल.” मी म्हटलं, “शिवताना कापड दाबून घेतो की नाही? प्रत्येक तुकडा जरा जास्तीचा काप, एकावर एक येईल असा.” तिचा माउस हलायला लागला. संध्याकाळपर्यंत तिने चाळीस तुकडे पाडले होते. तुकडा संपला की त्याची फाईल लागलीच लिहिली जाईल, म्हणजे पुन्हा कुणी काही वाढवलं तरी एकाच तुकड्याचं नुकसान. हे मी तिला पहिल्या दिवशीच सुचवायला हवं होतं. तीही माझीच चूक, आणि ती कोणत्याही शब्दाच्या आड लपत नाही.

एक मशीन पुरणार नव्हतं. मोडीत काढायला ठेवलेली तीन जुनी मशीनं लॅबच्या कोपऱ्यात होती, त्यांत नकाशाचा प्रोग्रॅम अजून शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रामसियाने ती उचलून टेबलावर मांडली आणि आम्ही फोनवर कामाला बसलो. नाव विचारणाऱ्या पडद्यावर कोपऱ्यात एक दातेरी चाक असतं. ते दाबून जुन्या पद्धतीचा पडदा निवडला नाही, तर आमच्या व्यवस्थेत चित्र बाहेर जात नसे. “चक्की का पाट जैसा है?” त्याने विचारलं. “वही.” मग अक्षरं. तो पोत्यांवरचे मार्के वाचावेत तशी एकेक अक्षरं वाचून दाखवी, मी सांगे ते किबोर्डवर शोधून दाबी. मशीनचा पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. ते त्याने तिन्ही मशीनांचे न अडखळता सांगितले, “एक सौ बानवे, बिंदी, एक सौ अड़सठ, बिंदी...” या वेळी प्रत्येक सूचनेनंतर तो उलट विचारी, “मतलब क्या करना है, खोलकर कहिए.” मीही खोलून सांगे. ‘बढ़ा’ हा शब्द आम्ही दोघांनी तोंडातून काढून टाकला होता. मोठं करायचं असलं की मी ‘फैलाइए’ म्हणे.

दुपारी दोनला मंजिरीच्या त्या उलट्या टांगलेल्या लॅपटॉपवर चार टेबलं शेजारी शेजारी उघडी होती. पुढचे पाच दिवस ती पडल्या पडल्या चार मशीनांना तुकडे वाढत होती, पंगतीत वाढावं तसे, ज्याचं पान रिकामं त्याला पुढचा. एक जुनं मशीन तिसऱ्या दिवशी तापून थांबलं. रामसियाने आतला पंखा फुंकून साफ केला, पुन्हा उठवलं आणि फोन केला, “आपने नहीं कहा था, फिर भी हाथ लगाया. ठीक किया?” मी म्हटलं, “बहुत ठीक किया.” पाचव्या दिवशी चाळिसावा तुकडा आला. सहाव्या दिवशी तिने सगळे शिवले. एका जागी घळ तुटली, तिथे पुन्हा केलं. सातव्या दिवशी तिच्या वडिलांनी प्रबंध बांधून घेतला आणि विद्यापीठाची खिडकी लागण्याआधी आत सरकवला. पावती घेऊन ते थेट माझ्या घरी आले, माझ्या हातात ती ठेवली आणि परत गेले.

मी त्या वर्षअखेर निवृत्त झाले. मंजिरीची तोंडी परीक्षा त्यानंतर महिन्याभराने लागली. मधल्या काळात तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. ती तासभर बसू शकत होती, पण तीन जिने चढणं अशक्य. विद्यापीठाने घरून परीक्षा द्यायची परवानगी दिली. मला कॉलेजने बोलावणं धाडलं, मशीन सांभाळायला. लॅबमध्ये भिंतीवर प्रोजेक्टरने तेच टेबल दिसत होतं, बाण हजीऱ्याहून फिरत होता, स्पीकरमधून तिचा आवाज येत होता. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. रामसिया पाण्याचे पेले घेऊन मागे उभा.

नकाशा उघडला. परीक्षक पुढे वाकले आणि म्हणाले, “हाँ, यह गाँव. इसको ज़रा बढ़ाइए.”

धाडकन आवाज झाला. रामसियाने ट्रे टेबलावर टाकला होता आणि दोन्ही हात पसरून मशीनच्या बटणापुढे उभा राहिला होता. “नहीं साहब! अभी कोई नहीं बढ़ाएगा! बिटिया का काम चालू है!”

परीक्षक खुर्चीतच मागे सरकले. प्राचार्य उभे राहिले. पाणी जमिनीवर वाहत होतं. मी काही समजावून सांगायच्या आत स्पीकरमधून मंजिरी खळखळून हसली. अपघातानंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, “रामसिया जी, साहब फैलाने को कह रहे हैं. फैला दूँ?”

तो बाजूला झाला. नकाशा मोठा होत गेला, गावाची घरं आली, घरांमागची शेतं आली, आणि शेतांच्या उत्तरेला लाल रेघेत ती घळ. परीक्षकांनी विचारलं, “यह बीहड़ कितना सरकता है?” मंजिरीने कागद पाहिला नाही. “इस गाँव के उत्तर का बीहड़ प्रतिवर्ष,” असं म्हणून तिने आकडा सांगितला. अपघाताच्या दिवशी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण झालं. त्या खोलीत ते फक्त मलाच कळलं.

अर्ध्या तासाने परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सही केली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघून म्हणाले, “बधाई हो, डॉक्टर मंजिरी.” सगळे उठले. रामसियाने जमिनीवरचं पाणी पुसलं. मग तो मशीनपाशी आला, पण बटणाकडे त्याने हात नेला नाही. माउस धरून पडद्याच्या कोपऱ्यातली मशीन बंद करायची खूण बरोबर शोधली, त्यावर बाण ठेवला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे बोट दाखवलं. ते टेबल माझं नव्हतं.

तो स्पीकरपाशी वाकला. “बिटिया, बढ़ा दूँ?”

“हाँ, रामसिया जी,” हजीऱ्याहून आवाज आला. “अब बढ़ा दीजिए.”